तेवढाच माणूस

१

पानं गळून गेली की विल्हो भिंतीवरची बंदूक खाली काढतो. जेवणाच्या टेबलावर उशीची जुनी खोळ अंथरतो, तेलाची कुपी, चिंध्या आणि पितळी सळई ओळीने मांडतो आणि मी बटाटे सोलायला बसले की म्हणतो, "लेम्पे, सरक जरा. म्हातारीला बसू दे."

म्हातारी म्हणजे बंदूक. त्याच्या बापाची, इसाकची. पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. खालचा दांडा पुढे ढकलून मागे ओढला की रिकामी पुंगळी वरून उडते आणि नवं काडतूस आत बसतं. खटाक-खट. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूच्या आवाजाआधी मला तो आवाज ओळखू यायला लागला होता.

त्या वर्षी त्याने तेल लावलं, बंदूक खांद्याला टेकवली, खिडकीबाहेर नेम धरला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग बंदूक खाली घेऊन नळीचं टोक बोटांनी चाचपलं.

"लेम्पे, माशी पडली काय गं?"

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी. तो जागच्या जागी होता. मी सांगितलं तसं त्याने मान हलवली आणि बंदूक खोळीवर ठेवली, तान्हं पोर ठेवावं तशी.

डॉक्टरने उन्हाळ्यातच सांगितलं होतं. डोळ्यामागच्या पडद्यावर मधोमध डाग पडला आहे, तो वाढत जाणार. कडेचं दिसेल, मधलं पुसलं जाईल. घरी येताना गाडी मी चालवली. विल्हो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझं तोंड दिसत नाही, कान दिसतात. बरंच आहे. कान चांगले आहेत तुझे."

मी त्याला शिवी दिली. मिशिगनच्या या वरच्या टोकाला हिवाळा लांब. आमच्याकडे हरणाचं मांस म्हणजे निम्मा हिवाळा. पण मांसाचं एक वेळ जाऊ द्या, बटाटे खाऊन जगू. दलदलीच्या कडेला इसाकने बांधलेलं मचाण आहे. हंगामाच्या पहिल्या पहाटे त्यावर बसला नाही तर विल्हो विल्हो राहणार नाही, हे मला माहीत होतं. तो राबायचा ती खाण बंद झाली तेव्हा तो रडला नाही. पण त्या दिवशी माशी दिसेना म्हणून त्याने चुलीकडे तोंड केलं आणि उगाच लाकडं सारत बसला.

"दुर्बीण बसवू या," मी म्हटलं.

"म्हातारीला चष्मा?"

"तुझ्या आईला नव्हता?"

२

गावात बंदुकांचं दुकान एकच, ट्रेम्बाथचं. माणूस कॉर्निश, इंग्लंडच्या कॉर्नवॉलकडचा. दुकानाला तेलाचा आणि त्याच्या बायकोच्या मांसाच्या करंज्यांचा वास. त्याने म्हातारी हातात घेतली आणि आधी टोपी काढली.

"हिच्या डोक्यावर दुर्बीण बसत नाही, लेम्पीबाई. पुंगळी वरून उडते. वर काच ठेवली तर पुंगळी काचेवर आपटेल. डाव्या अंगाला बसवावी लागेल. मान जरा तिरकी करायची, एवढंच."

"याची मान जन्माची तिरकी आहे," मी म्हटलं.

ट्रेम्बाथ हसला. भोकं कुठे पाडायची ते बघायला त्याने बंदूक दिव्याखाली धरली आणि त्याचं हसू जरा मागे गेलं. डाव्या अंगावर नखाने खरवडलं. काळ्या रंगाखाली शिशाचे चार ठिपके निघाले.

"इथे आधी काहीतरी होतं. कुणीतरी काढलं आणि भोकं शिशाने बुजवली. घाईत बुजवली आहेत. बघा, हातोड्याचे वण."

"छे. बापाने जन्मभर माशीवर मारलं," विल्हो म्हणाला.

"मग बापाच्या आधीचं असेल."

"बापाने नवी घेतली होती."

ट्रेम्बाथने खांदे उडवले. भोकं आयतीच मिळाली होती, त्याचं काम वाचलं. त्याने फडताळातून तीन दुर्बिणी काढून कापडावर ठेवल्या. एक बारीक, साधी, दुपटीहून थोडं मोठं दाखवणारी. दुसरी जाड, तिला फिरवायची कडी. कडी फिरवली की लांबचं जवळ येतं, आणखी जवळ येतं. तिसरी त्याची स्वतःची जुनी, पितळ उघडं पडलेली.

"झाडीत मारायला लहानच बरी," तो म्हणाला. "मोठं दाखवणारीत हरणाचा केस न् केस दिसतो, पण हरीण कुठे आहे ते कळत नाही."

"मला केस नको," विल्हो म्हणाला. "हरीण दिसू दे."

दारात उभा राहून त्याने एकेक काच डोळ्याला लावली आणि रस्त्यापलीकडच्या चर्चकडे बघितलं. पहिली लावताच त्याचं तोंड उजळलं. "दिसतंय! लेम्पे, पायऱ्या दिसतात. दाराची कडी दिसते." मी नाक शिंकरायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. मग तो म्हणाला, "तो लाल कोटवाला कुणाची वाट बघतोय?"

आम्ही लक्ष दिलं नाही. हंगामाआधी अख्खा गाव लाल चौकड्यांच्या कोटात हिंडतो.

दुसरी काच. "अजून उभाच आहे."

तिसरी. "याला घरी बायको नाही वाटतं."

"तू आलास की जाईल तो. पैसे मागशील म्हणून घाबरला असेल," ट्रेम्बाथ म्हणाला. दोघं हसले. मी सहज दाराबाहेर बघितलं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. गेला असेल, असं मला वाटलं. तेव्हा काय, कुणालाही तेच वाटलं असतं.

आम्ही कडीवाली घेतली. मीच हट्ट केला. म्हटलं, डोळे अजून बिघडले तर कडी फिरवता येईल.

३

नेम जुळवायला आमच्या मागच्या शेतात, वाळूच्या उतारावर फळी उभी केली. त्यावर कागद, कागदावर काळा गोल. विल्हो बाकावर बसला, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली. मी शेजारी.

"त्या माणसाला बाजूला व्हायला सांग," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"फळीशेजारी. पाठ करून उभा आहे, बैल."

फळीशेजारी वाळू होती आणि वाळलेलं गवत. दुसरं काही नव्हतं. मी बंदुकीची नळी हाताने आभाळाकडे केली. आमच्याकडे पोराला चालायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. बंदुकीच्या काचेतून माणूस बघायचा नाही. काचेतून बघणं म्हणजे नळी रोखणं. कोण आहे बघू तरी, म्हणून काच लावणारा एक जण दर दोन-चार वर्षांनी आमच्या भागात कुणालातरी मारतो, आणि मग जन्मभर मयताच्या घरी लाकडं फोडून देतो.

"कुणी नाही तिथे, विल्हो."

"दुर्बिणीशिवाय नाही," तो म्हणाला. "ते मलाही कळतं. काच लावली की आहे."

"डाग असेल काचेवर."

"डाग कोट घालतो?"

मी काच श्वासाने पुसली, कोरड्या फडक्याने पुसली. त्याने परत डोळा लावला आणि कडी फिरवली. मी त्याच्या गालाकडे बघत होते. गाल हलला.

"लेम्पे. फळी मोठी झाली. मागचं झाड मोठं झालं. गवत माझ्या नाकाशी आलं." त्याने कडी उलटी फिरवली, पुन्हा सुलटी. "तो तेवढाच आहे."

"म्हणजे?"

"लहान करून बघितलं तरी तेवढा. मोठं करून बघितलं तरी तेवढाच."

मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, बघ, म्हणजे तो तिथे नाहीच. तिथे असता तर मोठा झाला असता. तुझ्या डोळ्यात आहे, कुसळ असावं तसा.

तो म्हणाला, "हो, ते खरं." पण बंदूक पिशवीवरून उचलली, काडतुसं काढली आणि त्या दिवशी एकही बार केला नाही.

४

डॉक्टरला फोन मीच केला. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, होतं असं. डोळ्याचा मधला भाग गेला की मेंदू तिथे स्वतःची चित्रं भरतो. कुणाला टोपीवाली माणसं दिसतात, कुणाला बोटाएवढी पोरं. वेड नाही. घाबरू नका, त्यांच्याशी भांडू नका.

विल्होला सांगितलं तसा तो खूश झाला. "म्हणजे माझ्या डोक्यात भाडेकरू आला."

"बाकी जागा रिकामीच होती."

शनिवारी सॉनात, आमच्या वाफेच्या न्हाणीत, गरम दगडांवर पाणी ओतताना तो त्या माणसाला हाका मारत होता, ये बाबा, पाठ चोळून घे. मी हसले. खरंच हसले. तेवीस वर्षं या माणसाने मला असंच हसवलं आहे आणि कुठल्याही डॉक्टरने दिलं नसतं ते दिलं आहे.

तरी ट्रेम्बाथकडे जाऊन काच बदलून आणली. साधी, बारीक. त्यातही तो. मग ट्रेम्बाथची जुनी, मागून आणलेली. त्यातही तो, तेवढाच.

"पाठच दिसते?" मी विचारलं.

"पाठच. पण..." विल्होने कॉफीचा कप फिरवला. "दुकानातून बघितलं तेव्हा सरळ पाठ होती. आता जरा खांदा दिसतो."

"चित्र आहे ते, विल्हो. मेंदूचं."

"हो ना. पण माझा मेंदू इतकं नीट कधी काढत नाही. तू माझी गाय बघितली आहेस ना, पोस्टमास्तरच्या पोरासाठी काढलेली?"

बघितली होती. ती गाय बाकासारखी दिसत होती.

५

मग मी ते केलं, जे करायचं नसतं. शेतात बंदूक बाकावर होती, रिकामी, दांडा उघडा. कडीवालीच परत बसवली होती. माझे डोळे चांगले आहेत. सुईत दोरा संध्याकाळीसुद्धा ओवते. म्हटलं, आपण बघावं आणि याला सांगावं की काही नाही, विषय संपला.

विल्हो माझ्या मागे, हात माझ्या खांद्यावर. अंगात घरातला राखी स्वेटर. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मान तिरकी करून डोळा लावला. आधी नुसता काळोख, कारण डोळा नेमक्या जागी यावा लागतो. मग फळी. काचेतली नेमाची काळी फुली. वाळू. गवत. काही नाही.

"काही नाही," मी म्हटलं आणि श्वास सोडला. तेवढ्यात डोळा केसभर सरकला असेल.

तो होता.

उजव्या कडेला, पाठमोरा. लाल चौकड्यांचा कोट, कॉलर वर केलेली, डोकं कॉलरमध्ये खुपसलेलं. दोन्ही कोपरं जरा उचललेली, पुढे हातात काही धरल्यासारखी. वारा होता, गवत हलत होतं, पण कोटाचं टोक हलत नव्हतं. आणि उजव्या कोपरावर हिरवं ठिगळ.

ते ठिगळ मी लावलं होतं. माझ्या जुन्या स्कर्टचं, मागच्या हिवाळ्यात. लाल दोरा संपला म्हणून काळ्याने शिवलं आणि एक टाका चुकून लांब पडला. काचेत तो लांब टाका दिसत होता.

"आहे ना?" विल्हो हळूच म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

घरी येऊन मी सरळ लाकडांच्या खोपीत गेले. विल्होचा शिकारीचा कोट तिथेच खिळ्याला असतो, देवदाराच्या फांद्यांत, पानगळीपासून हंगामापर्यंत. घरातल्या कपड्याला चुलीचा, कांद्याचा, माणसाचा वास लागतो आणि हरीण तो वास दलदलीच्या पलीकडून घेतं. कोट जागेवर होता. गार, कडक. मी ठिगळावर बोट फिरवलं. लांब टाका बोटाला लागला.

माझ्या डोळ्यात डाग नाही. तो त्याला दिसला तर डोळे गेले म्हणू. मला दिसला त्याला काय म्हणायचं? खूप विचार केला. एवढंच कळलं की बंदुकीच्या काळ्या फुलीशेजारी माझा नवरा उभा आहे.

६

"तू यंदा जायचं नाहीस," मी जेवताना सांगितलं.

त्याने चमचा खाली ठेवला. "का?"

"तुला माणूस दिसतो. उद्या खरा माणूस समोर येईल आणि तुला वाटेल भाडेकरू आहे. मग?"

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि शेतातल्या त्या 'काही नाही'च्या आधी मी आयुष्यात त्याच्याशी खोटं बोलले नव्हते.

"मचाण रिकामं राहणार," तो म्हणाला. "बापाने बांधल्यापासून पहिल्या पहाटेला कधी राहिलं नाही. मी तापात गेलो आहे."

"रिकामं कशाला राहील? मी बसेन."

"तू?"

"मी काय? तुझ्या आधी हरीण मारलंय मी. माझ्या बापाला विचार."

"मेलाय तो."

"मग गप्प बस."

तो हसला, मग माझा हात धरून बसला. त्याच्या हाताला तेलाचा वास येत होता. "माशीवर मारशील?"

"माशीवर मारीन. तो चष्मा काढून टाक म्हातारीचा."

त्याने स्वतःच्या हाताने स्क्रू काढले, चाचपत. काच मी घेतली आणि पिठाच्या डब्यात तळाशी खुपसली. ट्रेम्बाथला परत करायची होती, पण हंगाम होईपर्यंत ती कुणाच्या डोळ्याला लागायला नको होती.

७

पहिल्या पहाटे विल्होने उठून माझ्यासाठी कॉफी केली. निम्मी सांडली. माझा कोट घालायला गेले तर म्हणाला, "तो घालून काय स्वैपाकाला चाललीस? अख्ख्या दलदलीला कांद्याचा वास येईल. माझा घाल, खोपीतला." बरोबर होतं त्याचं. अंधारात खिळ्यावरून ओढला, बाह्या दुमडल्या, बंदूक घेतली आणि शेत ओलांडून गेले. देवदाराचा वास येत होता आणि त्याच्या खाली थोडा विल्होचा. मला बरं वाटलं. खरं सांगते, सोबत असल्यासारखं वाटलं.

मचाण म्हणजे चार खांब, फळ्यांचा तळ आणि पुढे आडवी लाकडी कठडी. तोंड दलदलीकडे, पाठ आमच्या घराकडे. वारा कानात शिरायला लागला म्हणून कॉलर वर केली आणि डोकं आत ओढून घेतलं. हळूहळू उजाडलं. आधी झाडांचे शेंडे, मग बर्फाची कड, मग माझे स्वतःचे हात.

बंदूक कठडीवर टेकवायला मी कोपरं उचलली. उजव्या कोपरावर हिरवं ठिगळ.

त्या क्षणाचं काय सांगू. भीती नंतर आली. आधी नुसतं, अगं बाई, असं झालं. पायलीभर अक्कल पाजळून नवऱ्याला घरात ठेवला आणि कोट आपण घातला.

मग पाठीवर ते जाणवायला लागलं. मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, बोट टेकवावं तसं. कुणीतरी बघत होतं. शेतात पाऊल वाजलं नाही. बर्फावर पाऊल वाजल्याशिवाय राहत नाही. मागे फक्त घर होतं, स्वैपाकघराची खिडकी, आणि तिच्या आत विल्हो.

मी मनाशी ठरवलं, वळायचं नाही. मान मोडली तरी नाही. त्या माणसाचा खांदा फिरत चालला होता ना? मग मी फिरवणार नाही. माझी पाठ आहे, माझ्या हुकमात आहे. दात आवळले, समोर बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, ते गालावर गार झालं, पण हात उचलून पुसलं नाही.

सूर्य वर आल्यावर दलदलीतून नर आला. मोठा, मानेला जाड, दमदार. मी माशी त्याच्या खांद्यामागे ठेवली आणि चाप ओढला. तो चार उड्या मारून पडला. खटाक-खट, पुंगळी माझ्या टोपीवर पडली. मग खाली उतरले, समोरून, कठडीखालून, आणि घराकडे पाठ करूनच हरणापाशी गेले. पोट फाडून साफ केलं, दोर बांधला आणि दलदलीच्या कडेने लांबचा वळसा घेऊन, घराच्या भिंतीआडून अंगणात आले. शेत आडवं पार केलं नाही. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईला वेड लागलं.

८

विल्हो दारात उभा होता, दोन्ही हात पसरून. त्याने हरणाची शिंगं चाचपली, टोकं मोजली, मला उचलायला गेला आणि दोघंही पायरीवर बसलो. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हसायलाच लागले. उजव्या डोळ्याभोवती पांढरंशुभ्र गोल वर्तुळ. पीठ.

"चोरा," मी म्हटलं.

"तू तेवीस वर्षं नाताळची बक्षिसं त्याच डब्यात लपवतेस, लेम्पे. मी आंधळा होतोय, बावळट नाही." तो लाजला होता. "बंदूक नव्हती ना तिला. नुसती काच. पाप नाही. मला तू दिसायला हवी होतीस."

"आणि?"

"दिसलीस. सबंध सकाळ. खिडकीशी खुर्ची ओढून बसलो होतो. इतकी छान बसली होतीस, एकदम बापासारखी. आणि काय मजा, भाडेकरू नव्हताच आज. तू एकटीच."

मी कॉफी ओतली. वेलदोड्याचा पाव कापला. त्याला मोठा तुकडा दिला, लोणी जास्त. म्हटलं, संपलं. वळले नाही, संपलं.

"आणि तू वळून बघितलंस ना, ते मला फार आवडलं," तो म्हणाला.

सुरी पावात तशीच राहिली.

"कधी?"

"बार व्हायच्या जरा आधी. अशी सावकाश वळलीस. बराच वेळ बघत होतीस माझ्याकडे. मी हात हलवला. तू नाही हलवलास." त्याने तोंड पुसलं. "चेहरा इतका स्वच्छ दिसला, लेम्पे. किती महिन्यांनी. मधला सगळा. नाक, ओठ, तो हनुवटीवरचा तीळ. मी रडलो, खरं सांगतो."

मी सुरी खाली ठेवली. एप्रनचं टोक ओलं केलं, त्याची हनुवटी धरली आणि डोळ्याभोवतीचं पीठ पुसायला लागले, हळूहळू, कडेकडेने. त्याने लहान मुलासारखं तोंड वर केलं.

"एकच डोळा उघडा होता तुझा," तो हसत म्हणाला. "दुसरा मिटलेला. नेम कुणावर धरला होतास गं?"